हार्नेस रेसिंग, हँडिकॅपिंग आणि जुगाराचे व्यसन: अभ्यास करून पैसे लावले तरी धोका का राहतो?

‘मी जुगार खेळत नाही, मी अभ्यास करून पैसे लावतो.’ रेसचा नाद असलेल्या माणसाकडून मानसोपचारतज्ज्ञांना हे वाक्य नेहमी ऐकायला मिळते. हे म्हणणारा माणूस बहुधा हुशार असतो, आकड्यांशी खेळणारा असतो आणि खोटेही बोलत नसतो. तो खरोखर तासन् तास अभ्यास करतो. तरीही पैसे जातात, झोप जाते आणि घरात भांडणे सुरू होतात.

या लेखात हार्नेस रेसिंगमधले हँडिकॅपिंग म्हणजे काय, पैसे लावण्याच्या प्रचलित पद्धती कशा चालतात, त्या बहुतेकांच्या बाबतीत का फसतात आणि हा छंद आजारात कधी बदलतो, हे समजून घेऊ. तुम्ही स्वतः रेस खेळत असाल किंवा घरातले कुणी खेळत असेल, तर शेवटच्या भागातली माहिती जरूर वाचा.

हार्नेस रेसिंग म्हणजे काय?

मुंबई-पुण्याची रेस आपल्याला माहीत आहे. तिथे जॉकी घोड्याच्या पाठीवर बसतो. हार्नेस रेसिंगमध्ये घोड्यामागे दोन चाकांची हलकी गाडी जोडलेली असते आणि तिच्यावर ड्रायव्हर बसतो. भारतात हा खेळ रुजलेला नाही. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, फ्रान्स आणि स्वीडन या देशांत तो लोकप्रिय आहे. न्यू जर्सीतले मेडोलँड्स किंवा ऑंटारिओतले मोहॉक पार्क ही या खेळाची मोठी मैदाने आहेत, आणि या दोन्ही भागांत मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात.

या शर्यतीत घोड्याने चौखूर उधळायचे नसते. ‘ट्रॉट’ चालीत तिरक्या जोडीचे पाय एकदम पुढे पडतात, तर ‘पेस’ चालीत एकाच बाजूचे दोन्ही पाय एकदम पडतात. घोड्याची चाल मोडली, तर ड्रायव्हरला त्याला आवरून पुन्हा चालीवर आणावे लागते आणि त्यात तो मागे पडतो. उत्तर अमेरिकेत शर्यत बहुधा एक मैलाची, म्हणजे सुमारे १.६ किलोमीटरची असते आणि साधारण दोन मिनिटांत संपते. एका संध्याकाळी दहा-बारा शर्यती होतात. फोनवर एकाच वेळी अनेक मैदाने दिसतात, त्यामुळे पुढची शर्यत कायम काही मिनिटांवरच असते. जितक्या कमी वेळात पुन्हा पैसे लावता येतात, तितका तो खेळ व्यसनाच्या दृष्टीने जास्त धोक्याचा. त्यामुळे हा वेग ही आरोग्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट आहे.

हँडिकॅपिंग म्हणजे नेमके काय?

या शब्दाचे दोन अर्थ आहेत. पहिला अर्थ आयोजकांचा. भारतातल्या रेसमध्ये चांगल्या घोड्याला जास्त वजन दिले जाते. काही देशांतल्या हार्नेस शर्यतींत चांगल्या घोड्याला काही मीटर मागून सुटावे लागते. दोन्हींचा हेतू एकच: शर्यत अटीतटीची व्हावी आणि निकाल सहज सांगता येऊ नये.

दुसरा अर्थ पैसे लावणाऱ्यांचा. अमेरिकेत घोड्यांची माहिती तपासून कोण जिंकेल याचा अंदाज बांधण्याला हँडिकॅपिंग म्हणतात. त्यात साधारण पुढील गोष्टी पाहिल्या जातात:

- मागच्या शर्यतींतली वेळ, विशेषतः शेवटच्या पाव मैलाची वेळ
- घोडा वरच्या वर्गातून खाली आला आहे की खालून वर गेला आहे
- सुटण्याची जागा. अर्ध्या मैलाच्या लहान मैदानावर वळणे जास्त असतात, म्हणून आतल्या बाजूच्या घोड्याला फायदा मिळतो. मेडोलँड्ससारख्या एक मैलाच्या मैदानावर हा फरक कमी होतो
- ड्रायव्हर आणि ट्रेनर यांची कामगिरी
- घोड्याची चाल मोडण्याची सवय, त्या दिवशीची हवा आणि जमीन

या गोष्टींना अर्थ आहे. डोळे मिटून घोडा निवडणाऱ्यापेक्षा हे सगळे पाहणारा जास्त वेळा बरोबर ठरतो. मग अडचण कुठे येते?

अडचण गणितात आहे

अशा मैदानांवर बहुतेक पैसे टोट पद्धतीने लावले जातात. सगळ्यांचे पैसे एका गल्ल्यात जमा होतात. त्यातून आयोजक, घोडेमालकांची बक्षिसे आणि कर यांचा वाटा आधी काढला जातो. उरलेली रक्कम जिंकणाऱ्यांत वाटली जाते. उत्तर अमेरिकेत हा कापला जाणारा वाटा साधारण १५ ते २५ टक्क्यांच्या आसपास असतो. दोन-तीन घोडे नेमक्या क्रमाने ओळखायच्या प्रकारांत तो जास्त असतो.

एक उदाहरण घेऊ. वाटा २० टक्के धरला, तर लावलेल्या प्रत्येक १०० रुपयांमागे सरासरी ८० रुपये परत येतात. तुम्ही १००० रुपये घेऊन बसलात आणि प्रत्येक शर्यतीत हातातले सगळे पैसे पुन्हा लावले, तर सरासरी हिशोब असा होतो: पहिल्या शर्यतीनंतर ८००, दुसऱ्यानंतर ६४०, पाचव्यानंतर सुमारे ३२८ आणि दहाव्यानंतर सुमारे १०७ रुपये. कुणी एखादा त्या दिवशी खूप जिंकेल, पण सगळ्यांची मिळून सरासरी अशीच उतरत जाते.

आता अभ्यासाचा प्रश्न. टोटमध्ये तुमची स्पर्धा घोड्यांशी नसते, तर पैसे लावणाऱ्या इतर लोकांशी असते. तुम्ही वाचलेला तक्ता त्यांनीही वाचलेला असतो. चांगल्या घोड्यावर सगळेच पैसे लावतात, म्हणून त्याचा भाव पडतो. तुमचा अंदाज बरोबर असून भागत नाही. तो इतरांच्या अंदाजापेक्षा इतका सरस असावा लागतो, की कापलेले २० टक्के भरून निघून वर काही उरेल. शिवाय टोटमध्ये अंतिम भाव पैसे घेणे बंद झाल्यावरच ठरतो. तुम्ही पाहिलेला भाव आणि हातात मिळणारा भाव यांत फरक पडू शकतो.

कायम जिंकणारे कुणी नाहीतच, असे नाही. हाँगकाँगच्या रेसमध्ये बिल बेंटर यांनी संगणकाचे मॉडेल वापरून वर्षानुवर्षे मोठा नफा मिळवला आणि १९९४ मध्ये आपल्या पद्धतीविषयी लिहिलेही. पण त्यामागे प्रचंड माहितीसाठा, मोठे भांडवल, मदतनीस आणि बरीच वर्षे होती. ऑफिसमधून आल्यावर मोबाईलवर तक्ता पाहणाऱ्या माणसाची स्पर्धा आता अशा संगणकी गटांशी असते.

प्रचलित पद्धती आणि त्यांतली खोच

हरल्यावर दुप्पट लावणे: समजा तुम्ही ५०० रुपयांपासून सुरुवात केली आणि प्रत्येक हरीनंतर रक्कम दुप्पट केली. सलग सात वेळा हरलात, तर ६३,५०० रुपये गेलेले असतात आणि आठव्या वेळी ६४,००० लावावे लागतात. ते जिंकले आणि दुप्पट पैसे मिळाले, तर एकूण नफा किती? फक्त ५०० रुपये. प्रत्येक वेळी जिंकण्याची शक्यता ४० टक्के धरली, तर सलग सात हरींची शक्यता सुमारे २.८ टक्के येते, म्हणजे साधारण ३६ डावांत एकदा. ही पद्धत अनेक छोटे विजय देते आणि मग एका रात्रीत सगळे घेऊन जाते. माणसाला छोटे विजय आठवत राहतात, म्हणून ती खरी वाटते.

फक्त फेव्हरिटवर लावणे: फेव्हरिट घोडा इतरांपेक्षा जास्त वेळा जिंकतो, पण पैसे कमी देतो. वारंवार जिंकूनही महिन्याचा हिशोब तोट्यात जाऊ शकतो.

मोठ्या बक्षिसाच्या जोड्या लावणे: दोन, तीन, चार घोडे क्रमाने ओळखायचे किंवा सलग शर्यतींचे विजेते सांगायचे. यात वाटा जास्त कापला जातो. ‘एका घोड्याने हुकले’ असा अनुभवही यात वारंवार येतो. त्याचा मेंदूवर होणारा परिणाम पुढे पाहू.

केली सूत्र: बेल लॅब्जमधले शास्त्रज्ञ जॉन केली यांनी १९५६ मध्ये हे सूत्र मांडले. आपली बाजू किती वरचढ आहे, त्यानुसार भांडवलाचा किती भाग लावायचा हे ते सांगते. सूत्र योग्य आहे, पण त्याचा अर्धाच भाग सांगितला जातो. बाजू वरचढ नसेल, तर या सूत्राचे उत्तर शून्य येते, म्हणजे पैसे लावूच नका. बहुतेकांच्या बाबतीत प्रामाणिक उत्तर हेच निघते.

विकत घेतलेल्या टिप: ज्याला खात्रीने जिंकता येते, तो ती माहिती थोड्या पैशांत अनोळखी लोकांना का विकेल? हा प्रश्न टिप घेण्याआधी स्वतःला विचारा.

अभ्यासाने आत्मविश्वास वाढतो, अचूकपणा वाढेलच असे नाही

मानसशास्त्रज्ञ पॉल स्लोविक यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला घोड्यांच्या रेसमधल्या आठ अनुभवी हँडिकॅपरांवर एक प्रयोग केला. त्यांना एकाच शर्यतीची आधी ५, मग १०, मग २० आणि शेवटी ४० प्रकारची माहिती दिली. माहिती आठपट झाली, तरी अंदाजांचा अचूकपणा जवळजवळ तिथेच राहिला. वाढला तो फक्त त्यांचा आत्मविश्वास.

रेसचा नाद समजून घेताना ही गोष्ट लक्षात ठेवा. जास्त वाचले की जास्त खात्री वाटते, आणि खात्री वाटली की रक्कम वाढते.

मेंदूत काय घडते?

- अधूनमधून मिळणारे बक्षीस: दर वेळी मिळणाऱ्या बक्षिसापेक्षा कधी मिळेल ते सांगता न येणारे बक्षीस सवय जास्त घट्ट करते. मेंदूतले डोपामिन नावाचे रसायन या अपेक्षेशी जोडलेले आहे. त्यामुळे जिंकण्याइतकीच शर्यत सुटण्याआधीची वाट पाहणेही हवेहवेसे वाटते.
- थोडक्यात हुकणे: घोडा नाकाने हरला, तरी पैसे सगळेच जातात. पण मेंदू ही हार ‘जवळजवळ जिंकलो’ अशी नोंदवतो आणि पुन्हा खेळायची इच्छा वाढते.
- ताबा असल्याचा भास: घोडा स्वतः निवडला की निकाल आपल्या हातात आहे असे वाटते. एलन लँगर यांनी १९७५ मध्ये या भासाचे वर्णन केले.
- निवडक आठवण: जिंकलेला दिवस तपशिलासह आठवतो. हरलेल्या दिवसांना कारण सापडते: ड्रायव्हर चुकला, चाल मोडली, पाऊस झाला.
- हरलेले परत मिळवण्याची ओढ: ‘आजचे आजच भरून काढू’ म्हणून शेवटच्या शर्यतींत मोठी रक्कम आणि कमी शक्यतेचा घोडा निवडला जातो. छंद आणि आजार यांच्यामधला उंबरठा बहुधा इथेच ओलांडला जातो.

छंद आजार कधी होतो?

जुगाराचे व्यसन हा वैद्यकीय आजार आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेने १९८० मध्ये त्याचा आपल्या यादीत समावेश केला आणि २०१३ मध्ये तो दारू व अमली पदार्थांच्या व्यसनांच्या गटात ठेवला. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीतही तो आहे. गेल्या बारा महिन्यांत पुढीलपैकी चार किंवा अधिक गोष्टी घडत असतील, तर निदानाचा विचार केला जातो:

१. तीच मजा येण्यासाठी अधिकाधिक रक्कम लावावी लागते
२. कमी करायचा किंवा थांबवायचा प्रयत्न केला की बेचैनी, चिडचिड होते
३. थांबवण्याचे प्रयत्न वारंवार फसतात
४. डोक्यात सतत तेच चालते: मागच्या शर्यती, पुढचे घोडे, पैसे कुठून आणायचे
५. मन उदास, अस्वस्थ किंवा हताश असताना खेळावेसे वाटते
६. हरलेले पैसे परत मिळवण्यासाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळले जाते
७. किती खेळतो हे लपवण्यासाठी खोटे बोलावे लागते
८. नाते, नोकरी, शिक्षण किंवा बढतीची संधी धोक्यात आली किंवा गेली
९. आर्थिक संकटातून सुटण्यासाठी दुसऱ्यांकडून पैसे मागावे लागतात

चार-पाच लक्षणे असतील तर आजार सौम्य, सहा-सात असतील तर मध्यम आणि आठ-नऊ असतील तर तीव्र मानतात. निदान मात्र डॉक्टरांनीच करायचे असते. उन्मादाच्या आजारातही माणूस बेफाम पैसे लावू शकतो, आणि त्याचे उपचार वेगळे असतात.

घरच्या घरी विचारण्यासारखे दोनच प्रश्न आहेत. अधिकाधिक पैसे लावावेत अशी गरज तुम्हाला कधी वाटली आहे का? किती पैसे लावता याबद्दल जवळच्या माणसांशी कधी खोटे बोलावे लागले आहे का? यांपैकी एकाचेही उत्तर ‘हो’ असेल, तर तज्ज्ञांशी बोलणे योग्य.

औषधांमुळेही हे होऊ शकते

पार्किन्सनच्या आजारात किंवा पाय सतत हलवावेसे वाटण्याच्या त्रासात दिली जाणारी प्रॅमिपेक्सोल आणि रोपिनिरोल ही औषधे काही रुग्णांमध्ये जुगाराची, खरेदीची किंवा खाण्याची अनावर ओढ निर्माण करतात. अ‍ॅरिपिप्राझोल या औषधाबाबतही अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये असा इशारा दिला. आयुष्यभर पत्त्यालाही हात न लावलेले बाबा निवृत्तीनंतर अचानक रेसवर पैसे लावू लागले, तर स्वभाव बिघडला असे म्हणण्याआधी त्यांच्या गोळ्या तपासून घ्या. औषध स्वतःहून बंद करू नका. डॉक्टर मात्रा बदलू शकतात किंवा पर्याय देऊ शकतात.

शरीरावर आणि घरावर होणारे परिणाम

हार्नेस शर्यती अनेक ठिकाणी संध्याकाळी आणि रात्री होतात. न्यू जर्सीत उन्हाळ्यात संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा भारतात पहाटेचे साडेचार वाजलेले असतात. फोनवर परदेशी शर्यती पाहत जागणाऱ्याची झोप पार विस्कटते. त्यातून डोकेदुखी, वाढलेला रक्तदाब, पित्त आणि कामातल्या चुका सुरू होतात. सिगारेट आणि दारू वाढते. नैराश्य आणि चिंता ही या आजाराची नेहमीची सोबत आहे.

घराला मात्र बहुधा सगळ्यात शेवटी कळते. फंडातून उचल घेतलेली असते, दागिने गहाण पडलेले असतात, गृहकर्जाचे हप्ते थकलेले असतात. सगळे उघड होते त्या काळात आत्महत्येचा धोका खूप वाढतो. ‘आता तोंड दाखवायला जागा नाही’, ‘मी नसलो तर बरे होईल’ अशी वाक्ये ऐकू आली, तर त्यांना धमकी समजू नका. त्या माणसाला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

उपचार काय आहेत?

- समुपदेशन: विचार आणि वर्तन बदलणाऱ्या उपचारपद्धतीचा चांगला उपयोग होतो. ‘पुढची नक्की लागणार’ असे विचार ओळखणे, ओढ येते तो क्षण निभावणे आणि रिकाम्या वेळेची सोय लावणे हे त्यात शिकवतात.
- औषधे: केवळ या आजारासाठी अमेरिकेत मान्यता मिळालेले औषध अजून नाही. काही रुग्णांत डॉक्टर नाल्ट्रेक्झोन वापरतात. सोबतच्या नैराश्यावर उपचार करणे तितकेच गरजेचे असते.
- स्वमदत गट: गॅम्बलर्स अ‍ॅनॉनिमस हा गट १९५७ मध्ये अमेरिकेत सुरू झाला. तिथे त्याच अनुभवातून गेलेली माणसे भेटतात.
- स्वतःवर बंदी घालून घेणे: अनेक देशांत मैदानांना आणि अ‍ॅपना ‘मला खेळू देऊ नका’ असे कळवता येते. ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२३ पासून ‘बेटस्टॉप’ ही राष्ट्रीय नोंदवही आहे. एकदा नाव नोंदवले की परवानाधारक ऑनलाइन आणि फोनवरच्या सेवा बंद होतात.
- पैशांची व्यवस्था: काही काळ पगार, कार्ड आणि बँकेचे अ‍ॅप विश्वासातल्या माणसाकडे द्या. ओढ आणि पैसा यांच्यामध्ये अंतर पडले की निम्मे काम होते.

घरच्यांनी काय करावे?

- माणूस शांत असताना, पैसे हरल्यानंतर लगेच नव्हे, आकडे समोर ठेवून बोला. टोमणे आणि शपथा यांचा उपयोग होत नाही.
- सगळे कर्ज गुपचूप फेडून टाकू नका. सुटका झाली की खेळ पुन्हा सुरू होतो. कर्जाची यादी मिळून करा आणि उपचाराच्या सोबतीने हप्ते ठरवा.
- घराचे कागद, दागिने आणि संयुक्त खाते सुरक्षित करा. हा अविश्वास नाही, उपचाराचाच भाग आहे.
- स्वतःसाठीही मदत घ्या. अशा घरातल्या पत्नी, पती आणि आईवडिलांनाही नैराश्य येऊ शकते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांच्या रेसला कौशल्याचा खेळ म्हटले आहे. मग ते व्यसन कसे?
१९९६ च्या निकालात न्यायालयाने तसे म्हटले आहे, पण तो कायद्याचा प्रश्न होता. कौशल्य लागणाऱ्या गोष्टीचेही व्यसन लागू शकते. उलट ‘यात कौशल्य आहे’ या समजुतीमुळे थांबणे अवघड जाते.

मी फक्त मजेसाठी खेळतो. काय काळजी घेऊ?
सिनेमाच्या तिकिटासारखी, गेली तरी चालेल अशी रक्कम आधी ठरवा. उसने किंवा कार्डावरचे पैसे वापरू नका. दारू पिऊन किंवा मन खराब असताना खेळू नका. हरलेले परत मिळवायला जाऊ नका. तीन महिने प्रत्येक बेट वहीत लिहा, हरलेलीसुद्धा, आणि शेवटी बेरीज घरच्या माणसासमोर करा. वही दाखवायला नको वाटत असेल, तर तेच लक्षण समजा.

पूर्ण बंद करावे की कमी केले तरी चालेल?
आजाराचे निदान झाले असेल, तर पूर्ण बंद करणे जास्त सुरक्षित. मध्ये पाय घसरला, तर उपचार वाया गेले असे नाही. लवकर सांगा आणि पुन्हा सुरू करा.

मदत कुठे मिळेल?

भारतात टेलि-मानस या सरकारी सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो चोवीस तास चालू असतो आणि मराठीतही बोलता येते. न्यू जर्सीत १-८००-४२६-२५३७, ऑंटारिओत १-८६६-५३१-२६०० आणि ऑस्ट्रेलियात १८०० ८५८ ८५८ या क्रमांकांवर मदत मिळते. जीव द्यावासा वाटत असेल, तर वाट पाहू नका. जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा किंवा घरातल्या कुणाला तरी आत्ताच सांगा. कर्ज कितीही मोठे असले तरी त्याचे हप्ते पाडता येतात, आणि या आजारातून माणसे बरी होतात.